गावात किड्यांचा खेळ मांडायचाय? मग हे वाचा

किड्यांवरचं भाषण ऐकायला मराठवाड्यात कोणी येत नाही. बरणीतला किडा बघायला मात्र अख्खी आळी जमते. त्या जमलेल्या माणसांना पाऊण तास धरून कसं ठेवायचं आणि जाताना त्यांच्या डोक्यात नेमकी एक गोष्ट कशी घालायची, एवढंच इथं सांगायचं आहे. रावेसाठी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात राहायला आलेले कृषीचे विद्यार्थी, जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी आणि मॅडम, कॅमेरा घेऊन फुलपाखरांमागे हिंडणारे हौशी, ज्यांनी असा कार्यक्रम कधीच केलेला नाही अशांनी हे आधी वाचावं.

कल्पना काही नवी नाही. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात कीटकशास्त्रज्ञ मे बेरेनबॉम यांनी १९८४ साली कीटकांच्या भीतीवरच्या सिनेमांचा महोत्सव सुरू केला. लोकांनी आधी पडद्यावरचा राक्षसी किडा बघून हसायचं, मग बाहेर मांडलेला खरा किडा हातावर घ्यायचा. पर्ड्यू विद्यापीठात १९९० पासून झुरळांच्या शर्यती लागतात. आपल्याकडे झुरळं पाळायची गरज नाही. आपल्या रानात, पाण्याच्या टाकीत आणि देवळाच्या ओसरीवर पुरेसे कलाकार बसलेले आहेत, तेही बिनपगारी.

एका कार्यक्रमात एकच किडा

सगळं सांगायची हौस पहिल्याच दिवशी आवरा. कीटकांच्या आजवर नोंदलेल्या जाती दहा लाखांच्या घरात आहेत आणि त्यातले जवळपास चार लाख नुसते भुंगेरे. त्यातून तुम्ही पंचवीस निवडले तरी लोकांना एकही आठवणार नाही. त्यापेक्षा या गावात, या आठवड्यात, हात लांबवला की जो सापडतो त्याचाच खेळ करा. आजीनं घरी जाऊन परसात तोच किडा शोधला पाहिजे. अॅमेझॉनच्या जंगलातल्या निळ्या फुलपाखराचं चित्र दाखवलंत तर टाळ्या पडतील, पण परसात कोणी काही शोधणार नाही.

मग कधी काय मिळतं?

साधारण ७-८ जूनला मृग लागतो. पहिला दणकून पाऊस झाला की दुसऱ्या सकाळी रानात लालभडक मखमली मृगाचे किडे दिसतात. त्याच रात्री हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुलिंबावर आणि बाभळीवर जमतात, दिव्याभोवती वाळवीला पंख फुटलेले दिसतात. शेणकिडेही याच दिवसांत. जुलै-ऑगस्ट डासांचे. सिल्लोड-भोकरदनकडे मका असेल तर लष्करी अळी घ्या. ती २०१८ मध्ये भारतात आली. तिच्या डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटं काढलेलं असतं आणि शेपटाकडच्या भागावर चौकोनात चार काळे ठिपके. लेकरांना भिंग देऊन 'उलटा वाय शोधा' एवढंच म्हणा, पंधरा मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबर कापसाचे, डिसेंबर-जानेवारी करडईचे.

उन्हाळ्यात रान उघडं पडतं, तेव्हा काय दाखवायचं हा प्रश्न नव्या माणसाला हमखास पडतो. उत्तर देवळात आहे. ओसरीखाली, जुन्या वाड्याच्या पडवीत, उभ्या बैलगाडीखाली, जिथं पाऊस पोचत नाही अशा बारीक धुळीत नरसाळ्याच्या आकाराचे छोटे खड्डे दिसतात. तळाशी मुंगीसिंहाची अळी दबा धरून बसलेली असते. गवताची काडी घ्या आणि कडेचे दोन कण खाली पाडा. तळातून धूळ उडायला लागते, कारण मुंगी घसरली असं समजून अळी डोक्यानं धूळ फेकून तिला खाली पाडायला बघते. आता चमच्यानं ती उचलून पांढऱ्या थाळीत ठेवा. जाडजूड पोट, अंगावर केस, पुढं विळ्याच्या आकाराचे दोन जबडे, आणि चालते ती उलटी. थाळीत थोडी धूळ घातली की गोल गोल मागं सरकत पुन्हा खड्डा खोदायला लागते. मुलांना शेवटी हे सांगा: या अळीच्या पोटाला मागून वाटच नसते, जन्मभराचं साठवून ठेवते आणि प्रौढ झाल्यावर एकदाच मोकळी होते. हे ऐकल्यावर जो हशा पिकतो त्याला तोड नाही. प्रौढ किडा दिसायला चतुरासारखा, पंखवाला, रात्री दिव्यावर येणारा. तोच हा, हे पोरांना पटवायला मात्र वेळ लागतो.

जागा आणि दिवस

वेगळी सभा बोलावू नका. जिथं लोक आधीच जमलेत तिथं जा. लातूर, धाराशिव, नांदेडकडे येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, सगळी घरं रानात जेवायला जातात. भज्जी, आंबील, ज्वारीचे उंडे, आणि पाहुण्याला आग्रह. वेळा अमावास्या पडते डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे नेमकी करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, असतो तेव्हा. त्या दिवशी कोणाच्याही कोपीपाशी जेवण झाल्यावर दहा माणसं निवांत बसलेली असतात आणि तुमचं सगळं साहित्य चार पावलांवर उभं असतं. यापेक्षा चांगलं सभागृह मी तरी पाहिलेलं नाही. फक्त जेवणाला नाही म्हणू नका. पुढचं कोणी ऐकणार नाही.

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंडावंदनाला, गावातली मोठी माणसंही शाळेत येतात आणि कापूस तेव्हा फुलात असतो. आठवडी बाजारात उभं राहून करायचं असेल तर दहा मिनिटांचा खेळ ठेवा, बाजारकरी जास्त थांबत नाहीत. माळेगावच्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रेत पहिल्या वर्षी जाऊ नका. भोंग्यांच्या आवाजात तुमचा आवाज जाणार नाही आणि गर्दीत बरण्या फुटतील.

मुख्याध्यापकांना किंवा सरपंचांना आधी भेटा, तोंडी परवानगीवर न राहता दोन ओळींचं पत्र द्या. गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप टाकताना 'कीटक जनजागृती कार्यक्रम' असं लिहिलंत तर सतरंजी रिकामी राहील. 'बोंडातली अळी काढून दाखवणार, आपापली बोंडं घेऊन या' असं लिहा.

सामान

लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरण्या, वर बांधायला जुन्या मच्छरदाणीचे तुकडे आणि रबर. पांढऱ्या थाळ्या. दहापट मोठं दाखवणारी तीन-चार भिंगं, एकच असेल तर भांडणं होतात. किडा उचलायला रंगकामाचा मऊ ब्रश, चिमटा नको, त्यानं पाय तुटतात. एक जुनी छत्री. उघडून फांदीखाली उलटी धरा, फांदीवर काठीनं दोन टोले द्या, छत्रीत काय काय पडतं ते बघून तुम्हीही चकित व्हाल. मोबाइलला लावायची क्लिपची लेन्स मिळाली तर शाळेच्या टीव्हीवर किडा हातभर मोठा दाखवता येतो. मधमाशीच्या डोळ्यांवर केस असतात हे भिंगातून एकाला दिसतं, टीव्हीवर सगळ्या वर्गाला.

टाचण्या टोचलेले मेलेले किडे शक्यतो नेऊ नका. वाळलेल्या किड्यापुढे माणूस दोन मिनिटं थांबतो, हलत्या किड्यापुढे वीस. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या याद्यांमध्ये काही फुलपाखरं आणि भुंगेरेही आहेत. गौताळा, येडशी रामलिंग घाट, नायगाव मयूर, जायकवाडी अशा अभयारण्यांतून तर परवानगीशिवाय मुंगीसुद्धा उचलायची नाही. पिकातले आणि परसातले किडे भरपूर आहेत, तेवढे पुरे.

जिवंत किडा आदल्या संध्याकाळी किंवा त्याच सकाळी धरा, बरणीत त्याचंच पान ठेवा आणि बरणी उन्हात ठेवू नका. मराठवाड्यातल्या ऑक्टोबरच्या उन्हात गाडीच्या काचेमागं ठेवलेली बरणी अर्ध्या तासात भट्टी होते.

आठवडाभर आधी तयारी करता येत असेल तर दोन गोष्टी सांगतो. कढीपत्त्याच्या किंवा लिंबाच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखी दिसणारी छोटी अळी शोधा. ती लिंबावरच्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवीगार होते आणि तिला ब्रशनं हलकंच डिवचलं की मानेतून दोन टोकांचं लालसर शिंग बाहेर काढून घाण वास सोडते. महाराष्ट्रानं २०१५ साली ब्लू मॉरमॉन हे राज्य फुलपाखरू ठरवलं, हे त्याच्याच घराण्यातलं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण तीन-चार आठवडे, म्हणजे शाळेच्या खिडकीत कुंडी ठेवली तर वर्गाला अख्खा जन्म बघता येतो. रुईवरच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्याही चालतील, पण रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. ते पान मोठ्यांनीच तोडायचं.

दुसरं, रेशीम किडा. बीड-जालन्याकडे तुतीची लागवड बरीच आहे, जालन्यात कोषांची बाजारपेठही आहे. ओळखीच्या शेतकऱ्याकडून शेवटच्या अवस्थेतल्या पंधरा-वीस अळ्या मागून घ्या. चावत नाहीत, पळत नाहीत, थंडगार आणि मऊ. किड्याला हात लावायला घाबरणाऱ्या मुलासाठी यापेक्षा सोपी सुरुवात नाही. मूठभर तुतीची पानं टाकून सगळ्यांना गप्प करा आणि कान द्यायला सांगा, पानं खाण्याचा सरसर आवाज ऐकू येतो. एका कोषातला धागा हजार मीटरच्या आसपास भरतो, तो शाळेच्या मैदानाला किती वेढे घालेल ते मुलांनाच मोजू द्या. मात्र शेतकऱ्याच्या शेडमध्ये फवारणीच्या कपड्यांनी शिरू नका आणि कार्यक्रमात हाताळलेल्या अळ्या परत त्याच्या शेडमध्ये कधीच नेऊ नका. रोग शिरला तर त्याची अख्खी बॅच जाते. आणलेल्या अळ्या वर्गातच कोष करू द्या.

पहिली पाच मिनिटं

नमस्कार-चमत्कार, पाहुण्यांची ओळख, हारतुरे, हे सगळं कोणीतरी करायला निघणारच. गोड बोलून ते शेवटी ठेवायला लावा. सुरुवात बरणीनं करायची. बरणी फिरवा आणि एकच प्रश्न विचारा: पाय किती?

सहा पाय, शरीराचे तीन भाग, डोक्यावर दोन मिशा, म्हणजे कीटक. हे तुम्ही सांगायचं नाही, लेकरांनी मोजून काढायचं. मग मृगाचा किडा थाळीत सोडा. सगळे ओळखतात, काडेपेटीत कधी ना कधी ठेवलेला असतो. 'हा किडा आहे का?' सगळे हो म्हणतात. 'पाय मोजा.' आठ भरतात. नावात किडा असून हा कीटक नाही, कोळ्या-विंचवांच्या नात्यातला आहे, हे कळल्यावर जी कुजबुज होते तिथून कार्यक्रम तुमच्या हातात येतो. पाचवीतला एखादा चुणचुणीत मुलगा पुस्तकात वाचलेलं सांगेल की याच्या पिल्लाला सहाच पाय असतात. बरोबर आहे त्याचं. शाबासकी द्या आणि पिल्लू नाकतोड्यांसारख्या कीटकांच्या अंगावर चिकटून वाढतं हे जोडून द्या.

पंचवीस-तीस मुलांपेक्षा जास्त एका वेळी घेऊ नका. गोल बसवा. रांगेत बसवलं की मागचे चुळबुळ करतात.

शेणकिड्यांचा शंकरपट

बैलांचा शंकरपट सगळ्यांना माहीत आहे. त्याच धर्तीवर पावसाळ्यात शेणकिड्यांचा लावा. सपाट मोकळ्या मातीवर काठीनं मीटरभर व्यासाचं रिंगण आखा, मधोमध ताज्या शेणाचा पो ठेवा, आणि गोळा लोटणारे किडे त्यावर सोडा. गोळा न लोटता तिथंच खाली बीळ पाडणाऱ्या जातीही असतात, त्यांची शर्यत होत नाही. म्हणून किडे धरतानाच कोण काय करतो ते बघून घ्या. किडा गोळा कापतो, डोकं खाली आणि मागचे पाय गोळ्यावर अशा अवस्थेत उलटा चालत सुटतो. ज्याचा गोळा आधी रिंगणाबाहेर तो जिंकला. प्रत्येक गटानं आपल्या किड्याला नाव द्यायचं. नावं सर्जा-राजापासून क्रिकेटपटूंपर्यंत जातात, आणि ओरडा असा होतो की शेजारच्या वर्गाचे गुरुजी बघायला येतात.

शर्यत संपली की मुद्दा मांडायचा. हा सरळ रेषेतच का जातो? गोळा घेऊन लवकर लांब गेला नाही तर दुसरा किडा तो हिसकावतो. पण डोकं खाली असताना सरळ कसा जातो? तर आभाळ बघून. दक्षिण आफ्रिकेत संशोधकांनी सूर्य झाकून आरशानं दुसऱ्या बाजूनं ऊन पाडलं तर किड्यांनी दिशा बदलली. आणि तिथल्याच, रात्री फिरणाऱ्या एका जातीवरचा २०१३ मधला प्रयोग तर ऐकण्यासारखा आहे. काही किड्यांना पुठ्ठ्याच्या चिमुकल्या टोप्या घातल्या, आभाळ दिसेना, तसे ते भरकटले. टोपी नसलेले आकाशगंगेच्या पट्ट्यावर दिशा धरून सरळ गेले. शेणात राबणारा किडा आकाशगंगा बघून चालतो, हे गावातल्या म्हाताऱ्या माणसालाही थक्क करतं. शेतकऱ्याला सांगायचं एवढंच की शेण जमिनीत गाडून खत करायची मजुरी हा फुकट करतो.

आपल्याकडे आरसा आणि पुठ्ठा धरून सूर्याचा प्रयोग करून बघायला काही हरकत नाही. जमेलच असं नाही, पण मुलं तासभर ऊन विसरतात. टोप्या मात्र घालू नका. आपल्या हातून पाय मोडतील.

शेतकऱ्यांसमोर

शेतकऱ्याला किडा काय असतो हे सांगायला जाऊ नका. त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, फक्त वेगळं माहीत असतं. त्याच्याच रानातला पुरावा त्याच्याच हातानं उघडू द्या.

बोंड फोडायचा खेळ असा. प्रत्येकानं आपल्या कापसातली वीस हिरवी बोंडं आणायची, सरसकट तोडलेली, निवडून नव्हे. बाहेरून सगळी धडधाकट दिसतात. आधी अंदाज लिहून घ्या, किती बोंडांत अळी निघेल? मग सतरंजीवर बसून चाकूनं फोडायला सुरुवात. दोन बोंडांत गुलाबी अळी निघाली की दहा टक्के झाले, आणि उपाय करायची पातळी तीच मानतात. ज्याच्या वीसही बोंडांत काही निघत नाही तो छाती काढतो, ज्याच्या सातात निघते तो गप्प होतो आणि शेजाऱ्याकडे बघतो. २०१७ सालची बोंडअळी कोणी विसरलेलं नाही, त्यामुळे हा खेळ असला तरी कोणी तो थट्टेवारी नेत नाही. फुलोऱ्याचे दिवस असतील तर डोमकळ्या शोधून आणायला सांगा. पाकळ्या आतून शिवल्यासारख्या मिटलेलं फूल उघडलं की आत अळी सापडते. जवळ कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावून नर पतंग पकडणारा सापळा, ठेवा आणि हिशोब सांगून टाका: एका सापळ्यात रोज आठ पतंग, सलग तीन रात्री, म्हणजे जागं व्हायची वेळ.

करडईचा कार्यक्रम याहून हसरा होतो. काळ्या माव्यानं भरलेला शेंडा थाळीत ठेवा, काटे सांभाळून. सोबत दोन किडे ठेवा. एक लाल पाठीवर काळ्या खुणा असलेला ढालकिडा, हा सगळ्यांना आवडतो. दुसरा काळपट, लांबुळका, अंगावर नारिंगी डाग, बघितलं की चिरडावासा वाटणारा. विचारा, यातला मित्र कोण आणि शत्रू कोण? दुसऱ्याला बहुतेक जण शत्रू म्हणतात. मग त्याला माव्यावर सोडा आणि भिंग आजोबांच्या हातात द्या. पुढच्या पायांनी मावा धरतो, तोंडाशी नेतो, आणि माव्याचं नुसतं टरफल मागं उरतं. तो ढालकिड्याचंच पिल्लू आहे, हे शेवटी सांगायचं. ढालकिड्याला बोटांत हलकंच धरलं तर गुडघ्यातून पिवळा थेंब येतो, कडू असतो, म्हणून पाखरं त्याला सोडून देतात. हेही दाखवा.

याच जोडीवर दोन पोरांकडून बतावणी करून घेता येते. भारुडाच्या मुलखात नटांची वाण नाही. माव्याची मादी नराशिवाय जिवंत पिल्लं देते आणि त्या पिल्लांच्या पोटात पुढची पिल्लं आधीच वाढत असतात, हे एवढंच शास्त्र धरून संवाद लिहा:

'आमच्यात लग्नाचा खर्च नाही! नवरा लागतच नाही. लेक जन्मते तीच पोटुशी!'

'मग जेवणावळीला आम्हाला बोलवत जा की मावशी. आम्ही काय खातो ते ठाऊक आहे ना?'

उरलेलं पोरं स्वतःच भरतात. तुम्ही फक्त पाठांतर करून घेऊ नका, सुचेल ते बोलू द्या.

आणि आता तो प्रश्न. कार्यक्रम कितीही रंगला तरी शेवटी कोणीतरी उठतोच: 'ते सगळं खरं सर, पण औषध कोणतं मारू?' नव्या माणसानं इथं मोह आवरायचा. पीक, अवस्था, प्रादुर्भाव न बघता औषधाचं नाव घेऊ नका, दुकानाचं तर नकोच. सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहाय्यकाला) किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला गाठायला सांगा. खरपुडी, तोंडापूर, सगरोळी, तुळजापूर अशी ती जागोजाग आहेत, आणि परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहेच. त्यातल्याच एखाद्या तज्ज्ञाला कार्यक्रमाला बोलावलंत तर तो प्रश्न तुमच्यावर येतच नाही.

बचत गटात डासांची बरणी

आमच्याकडे नळाला पाणी कधी आठ दिवसांनी येतं, कधी त्याहून उशिरा, त्यामुळे घरोघरी ड्रम, रांजण आणि हौद भरलेले. डेंग्यूच्या एडिस डासाला असंच साठवलेलं स्वच्छ पाणी लागतं. हे बायांना सांगताना पाणी साठवल्याबद्दल बोल लावायचा नाही. साठवणार नाहीत तर करणार काय?

कोणाच्या तरी टाकीतलं पाणी त्यांच्यासमोर काचेच्या बरणीत घ्या. वळवळणाऱ्या अळ्या दिसतात, शेपटाकडची नळी पाण्याच्या वर काढून उलट्या लटकलेल्या. बरणीवर टिचकी मारली की सगळ्या एकदम तळाला जातात, आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला पुन्हा वर. बाकीचं सांगणं मग सोपं होतं. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस, त्या दिवशी सगळी भांडी रिकामी करायची. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेवर भांड्याच्या आतल्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, म्हणून नुसतं उलटं करून भागत नाही, घासावं लागतं. दुसऱ्या बरणीत आरोग्य केंद्रातून आणलेला गप्पी मासा सोडा, अळ्या कशा टिपतो ते बघताना बायका लेकरांपेक्षा जास्त ओरडतात. गप्पी हौदातच ठेवायचे, ओढ्यात-तळ्यात सोडायचे नाहीत.

२० ऑगस्टला केलंत तर एक गोष्ट जोडता येते. १८९७ साली त्याच तारखेला रोनाल्ड रॉस यांना हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात सापडला, तो सिकंदराबादेत. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. लांबची वाटणारी गोष्ट एकदम शेजारची होते.

संक्रांतीच्या हळदी-कुंकवात असाल तर उखाण्यांची स्पर्धा लावा, किड्याचं नाव आलंच पाहिजे एवढीच अट. एक नमुना घ्या, बाकीचे तुमच्या हाती लागतील:

करडईला लागला मावा, त्याला खातो ढालकिडा,
—रावांना सांगते, फवारा जरा दम धरून सोडा.

रात्रीचा पडदा

अंधाऱ्या पंधरवड्यात, पाऊस उघडलेल्या रात्री, दोन बांबूंना पांढरी चादर किंवा धोतर ताणून बांधा आणि पुढं दिवा लावा. चांदण्यात किडे कमी येतात. साधा एलईडी कमी ओढतो, जुना पिवळा बल्ब किंवा मर्क्युरीचा दिवा असेल तर तो घ्या. लाइट जाणार हे धरून बॅटरीची सोय ठेवा. साडेसात ते साडेनऊ पुरे.

इथं मात्र नियम कडक ठेवायचा: अंगावर बसलेला किडा झटकायचा नाही, चिरडायचा नाही, फुंकर मारून उडवायचा. पावसाळ्यात दिव्यावर एक बारीक, नारिंगी-काळा, मुंगीसारखा दिसणारा भुंगेरा येतो. तो त्वचेवर चिरडला की त्याच्यातल्या रसानं दुसऱ्या दिवशी भाजल्यासारखे चट्टे उठतात. ज्वारी-बाजरीवरचे हिंगेही तसेच, फोड येतात. लांब बाह्यांचे कपडे घालून यायला सांगा आणि साबण-पाणी जवळ ठेवा.

मधमाश्या आणि गांधीलमाश्या कार्यक्रमात आणायच्या नाहीत, कितीही हौस असली तरी. आग्या मोहोळाखाली सहल नेणं म्हणजे संकटाला घरी बोलावणं. मधमाशी फुलावर दाखवा, लांबून. विंचू बरणीतही नको. कोणाला माशी चावली आणि श्वास लागला, ओठ-चेहरा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट १०८ ला फोन करा.

आवरताना

रानातले किडे जिथून आणले तिथंच सोडा, आणि हे काम मुलांना द्या. डासांच्या अळ्यांचं पाणी गटारात नव्हे, कोरड्या तापलेल्या मातीवर ओता. बोंडांतून निघालेल्या अळ्या आणि फोडलेली बोंडं तिथंच टाकून जाऊ नका, जाळून टाका. नाहीतर ज्याच्या अंगणात कार्यक्रम झाला त्याचाच कापूस पुढं भोगेल. भिंगं मोजून घ्या, एक तरी कोणाच्या खिशात गेलेलं असतंच. ते मागू नका, शाळेला दिलं असं समजा.

निघण्याआधी गुरुजींकडून किंवा गटाच्या ताईंकडून पुढची तारीख घ्या. त्यांनी 'बघू की' म्हटलं तर तारीख मिळालेली नाही असं धरा आणि दोन दिवसांनी फोन करा.